हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणजे नेमकं काय होतं? धोका कधी असतो आणि काय करायचं?

'काळजाचा ठोका चुकला' असं सहज बोललं जातं. पण काही जणांच्या बाबतीत ते शब्दशः घडतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीत अचानक धडधड होते, एखादा ठोका गळाल्यासारखा वाटतो आणि पुढचा ठोका जोरात आदळतो. कुणाला जिना चढताना छातीत फडफड जाणवते. कुणाला काहीच जाणवत नाही, पण हातातलं स्मार्टवॉच 'हृदयाची लय अनियमित आढळली' अशी सूचना देतं.

अशा वेळी घरात दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. एक म्हणजे हार्ट अटॅक आला या भीतीने सगळ्यांची गाळण उडते. दुसरी म्हणजे 'गॅस झाला असेल' म्हणत ओवा चावून विषय संपवला जातो. दोन्ही चुकीचं ठरू शकतं.

ठोके अनियमित होण्याचे अनेक प्रकार आहेत आणि त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात. पण एट्रियल फिब्रिलेशन हा प्रकार वेगळा आहे. त्याची सुरुवात हृदयात होते, पण सगळ्यात मोठा फटका बसू शकतो तो मेंदूला. विशेष म्हणजे हा धोका बऱ्याच अंशी टाळता येतो. त्यासाठी तो वेळेत ओळखावा लागतो आणि सुरू केलेली गोळी मध्येच सोडून चालत नाही.

हृदयाचा ठोका पडतो कसा?

हृदयाला चार कप्पे असतात. वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंद आणि खालचे दोन म्हणजे निलय. वरचे कप्पे रक्त गोळा करून खाली ढकलतात आणि खालचे कप्पे ते फुप्फुसांकडे आणि शरीरभर पाठवतात.

हे काम तालात व्हावं म्हणून हृदयाची स्वतःची विद्युत यंत्रणा असते. उजव्या अलिंदात वरच्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका असतो. त्याला सायनस नोड म्हणतात. तिथून निघालेला विद्युत संदेश आधी दोन्ही अलिंदांत पसरतो, मग मधल्या एव्ही नोडपाशी क्षणभर थांबतो आणि नंतर निलयांत जातो. या क्षणभराच्या थांब्यामुळे वरचे कप्पे रिकामे व्हायला आणि खालचे भरायला वेळ मिळतो.

मोठ्या माणसाच्या हृदयाचे ठोके विश्रांतीच्या वेळी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० पडतात. दिवसभराचा हिशेब केला तर ते एक लाखाच्या आसपास जातात. धावपळ, ताप, भीती, राग यांनी ठोके वाढतात आणि झोपेत ते कमी होतात. नियमित व्यायाम करणाऱ्यांचे ठोके ६० च्या खालीही असू शकतात. हे सगळं सामान्य आहे. संदेश चुकीच्या जागेवरून निघाला, वाटेत अडला किंवा गोल गोल फिरत राहिला की लय बिघडते. वैद्यकीय भाषेत याला अरिदमिया म्हणतात.

हार्ट अटॅक ही वेगळी गोष्ट आहे. त्यात हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडते. सोप्या भाषेत सांगायचं तर अटॅक हा नळाचा बिघाड आहे आणि अरिदमिया हा वायरिंगचा. एकामुळे दुसरा होऊ शकतो, पण दोन्ही एक नाहीत.

अनियमित ठोक्यांचे प्रकार कोणते?

जादा ठोके: हा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. ठरलेल्या वेळेआधीच एक ठोका पडतो, त्यानंतर थोडा मोठा खंड पडतो आणि पुढचा ठोका जोरात जाणवतो. 'ठोका चुकला' असं वाटतं ते बहुतेक वेळा यामुळेच. झोप कमी होणं, ताण, ताप, दारू, तंबाखू यांमुळे असे ठोके वाढू शकतात. हृदयाची रचना निरोगी असेल तर ते सहसा घातक नसतात. मात्र त्यांची संख्या दिवसाला हजारोंच्या घरात गेली तर तपासणी लागते.

अचानक सुरू आणि अचानक बंद होणारी धडधड: स्वस्थ बसलेलं असताना ठोके एकाएकी मिनिटाला १५० ते २०० वर जातात आणि काही वेळाने बटण दाबल्यासारखे पूर्ववत होतात. याला एसव्हीटी म्हणतात. तरुणांमध्येही तो आढळतो. श्वास रोखून जोर लावल्याने काही वेळा तो थांबतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याची सुधारित पद्धत वापरण्यात आली. रुग्णाने अर्धवट बसून १५ सेकंद जोर लावायचा, मग लगेच आडवं करून त्याचे पाय वर उचलायचे. नेहमीच्या पद्धतीने १७ टक्के रुग्णांची लय मिनिटभरात पूर्ववत झाली, तर या पद्धतीने ४३ टक्क्यांची. मात्र निदान झाल्यानंतर आणि डॉक्टरांनी शिकवल्यावरच हे घरी करावं.

ठोके फार मंद होणं: सायनस नोड थकला किंवा संदेश वाटेत अडू लागला तर ठोके मंदावतात. चक्कर, थकवा आणि शुद्ध हरपणं ही त्याची लक्षणं. अशा रुग्णांना पेसमेकर लागू शकतो. शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवण्यात आला. ते यंत्र काही तासच चाललं. पण त्यानंतर एकामागून एक पेसमेकर बदलत लार्सन २००१ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले.

निलयातली घातक लय: खालच्या कप्प्यांमध्ये वेगवान किंवा विस्कळीत संदेश सुरू झाले तर हृदय रक्त ढकलू शकत नाही आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. हा सगळ्यात जीवघेणा प्रकार. आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांना आणि हृदय कमजोर झालेल्यांना याचा धोका जास्त असतो.

एट्रियल फिब्रिलेशन: यात वरच्या कप्प्यांची लय पूर्णपणे विस्कटते. वाढत्या वयाबरोबर हा प्रकार जास्त आढळतो.

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये काय घडतं?

अलिंदांमध्ये एका संदेशाऐवजी अनेक विस्कळीत संदेश एकाच वेळी फिरू लागतात. त्यांचा वेग मिनिटाला ३५० ते ६०० पर्यंत असतो. इतक्या वेगात अलिंद नीट आकुंचन पावत नाहीत, ते नुसते थरथरतात. यातले सगळे संदेश एव्ही नोड खाली जाऊ देत नाही. पण जे जातात ते कोणत्याही तालाविना जातात. त्यामुळे नाडी पूर्णपणे बेताल होते. दोन ठोक्यांमधलं अंतर कधी कमी, कधी जास्त, आणि ठोका कधी जोरकस तर कधी क्षीण.

काहींना धडधड, दम लागणं, थकवा, चक्कर असा त्रास होतो. सुरुवातीला तो काही तासांनी आपोआप थांबतो, म्हणून दुर्लक्ष केलं जातं. पुढे त्याचे झटके वाढत जातात आणि काहींमध्ये तो कायमचा होतो. अनेकांना तर काहीच जाणवत नाही. ऑपरेशनपूर्वी काढलेल्या ईसीजीत तो पहिल्यांदा दिसतो किंवा थेट पक्षाघात झाल्यावर कळतो.

बिघाड हृदयात, मग फटका मेंदूला का?

वाहतं पाणी स्वच्छ राहतं आणि साचलेल्या पाण्यात गाळ बसतो. रक्ताचंही काहीसं तसंच आहे. अलिंद नुसते थरथरत राहिले की रक्त पूर्णपणे पुढे जात नाही. डाव्या अलिंदाला एक छोटी पिशवीसारखी खोबण असते. तिथे रक्त साचून गुठळी तयार होऊ शकते. ही गुठळी सुटली की रक्तासोबत थेट मेंदूच्या वाहिनीत जाऊन अडकते. मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पक्षाघात होतो, म्हणजेच बोलीभाषेत लकवा मारतो.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावातल्या नागरिकांचा १९४८ पासून अभ्यास सुरू आहे. त्यात एट्रियल फिब्रिलेशन असलेल्यांना पक्षाघाताचा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे पाचपट असल्याचं दिसून आलं. अशी गुठळी मोठी असू शकते, त्यामुळे मेंदूचं नुकसानही जास्त होतं.

म्हणूनच धडधड थांबली, आता बरं वाटतंय, एवढ्यावर हा आजार मोजता येत नाही. त्रास कमी असला म्हणून गुठळीचा धोका कमी होत नाही.

हा आजार कुणाला होतो?

वय हे सगळ्यात मोठं कारण. त्याखालोखाल उच्च रक्तदाब. शिवाय मधुमेह, लठ्ठपणा, झडपांचे आजार, हृदयाची कमजोरी, जुना हार्ट अटॅक आणि झोपेत घोरताना श्वास अडकणं ही कारणंही आहेत. दारूचा संबंध तर थेट आहे. सुट्टीत आणि सणात जास्त दारू प्यायल्यावर धडधड घेऊन येणाऱ्या रुग्णांवरून 'हॉलिडे हार्ट' हा शब्द १९७८ साली रूढ झाला.

थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करू लागली तरी ही लय बिघडते. अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांना मे १९९१ मध्ये जॉगिंग करताना दम लागला. तपासणीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं आणि पुढे त्यामागे थायरॉइडचा आजार असल्याचं स्पष्ट झालं. म्हणून ठोके अनियमित आढळले की थायरॉइडची रक्ततपासणी सांगितली जाते.

भारतात आणखी एक कारण महत्त्वाचं आहे. ते म्हणजे संधिवाताचा ताप. लहानपणी घशाला विशिष्ट जंतूंचा संसर्ग होतो, त्यानंतर ताप येतो आणि सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपेवर कायमचा व्रण राहू शकतो. पुढे मायट्रल झडप अरुंद होते, डावं अलिंद फुगतं आणि तिशी-चाळिशीतच लय बिघडते. यात महिलांचं प्रमाण जास्त असतं. काहींना ते पहिल्यांदा गरोदरपणात दम लागल्यावर कळतं. मुलांच्या घशाच्या संसर्गावर योग्य औषध वेळेत आणि पूर्ण दिवस घेतलं तर ही साखळी सुरुवातीलाच तुटते.

घरी नाडी कशी बघायची?

पाच मिनिटं शांत बसा. एका हाताचा तळवा वर करा. दुसऱ्या हाताची मधली दोन-तीन बोटं अंगठ्याच्या खाली मनगटावर हलकेच ठेवा. ठोके ३० सेकंद मोजून दुप्पट करा. ताल बिघडलेला वाटला तर पूर्ण एक मिनिट मोजा.

फक्त आकडा बघू नका, ताल बघा. अधूनमधून एखादाच ठोका गळत असेल तर ती बहुधा जादा ठोक्यांची खूण असते. पण कोणताच ताल सापडत नसेल तर ईसीजी काढायलाच हवा. वयाची ६५ वर्षं ओलांडलेल्यांनी आणि रक्तदाब असलेल्यांनी महिन्यातून एकदा तरी अशी नाडी बघावी. घरातल्या तरुणांनी आई-वडिलांची नाडी बघायला हरकत नाही.

रक्तदाबाच्या घरगुती मशीनवर अनियमित ठोक्यांचं चिन्ह आलं तरी ते निदान नसतं. शिवाय ठोके अनियमित असताना या मशीनचा आकडा चुकू शकतो, म्हणून दोन-तीन वेळा मोजून सरासरी घेतात.

स्मार्टवॉचवर विश्वास ठेवायचा का?

बहुतेक घड्याळं त्वचेवर प्रकाश टाकून नाडीचा अंदाज घेतात. काही घड्याळांत बोट टेकवून एका पट्टीचा ईसीजी काढता येतो. ॲपलच्या घड्याळावर अमेरिकेत झालेला मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४ लाख १९ हजार लोक होते. त्यांच्यापैकी ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीची सूचना मिळाली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीचा पॅच लावून तो परत पाठवला, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन आढळलं. हा आजार येऊन-जाऊन असल्यामुळे उरलेल्यांना तो नव्हताच असंही म्हणता येत नाही.

थोडक्यात, घड्याळाची सूचना म्हणजे डॉक्टरांकडे जाण्याचं कारण, आजाराचं प्रमाणपत्र नव्हे. तसंच घड्याळाने 'सर्व ठीक' म्हटलं म्हणून त्रास अंगावर काढायचाही नाही.

निदान कसं होतं?

अरिदमियाचं निदान ईसीजीच्या कागदावर होतं. अडचण अशी की दवाखान्यात पोहोचेपर्यंत लय बऱ्याचदा पूर्ववत झालेली असते. म्हणून धडधड सुरू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घेणं सगळ्यात उपयोगाचं. तो कागद जपून ठेवावा आणि त्याचा मोबाईलवर फोटोही काढावा. अनेक ईसीजी कागदांवरची अक्षरं आणि रेषा काही महिन्यांनी पुसट होतात.

ईसीजीत काही सापडलं नाही तर होल्टर लावतात. छातीवर चिकटवलेलं हे छोटं यंत्र २४ तास किंवा त्याहून जास्त काळ प्रत्येक ठोका नोंदवतं. सोबत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तसंच थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमच्या तपासण्या होतात.

डॉक्टरांकडे जाताना एक छोटी नोंद न्यावी. धडधड कधी झाली, किती वेळ टिकली, अचानक थांबली की हळूहळू, त्या वेळी काय सुरू होतं, चक्कर आली का आणि कोणती औषधं चालू आहेत, एवढं पुरेसं आहे.

उपचारातला पहिला प्रश्न: गुठळी रोखायची का?

एट्रियल फिब्रिलेशनच्या उपचारात लय सुधारण्याइतकंच, किंबहुना त्याहून आधी, गुठळीचा धोका मोजणं महत्त्वाचं असतं. त्यासाठी डॉक्टर गुण मांडतात. हृदयाची कमजोरी, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि रक्तवाहिन्यांचा आजार यांना प्रत्येकी १ गुण. वय ६५ ते ७४ असेल तर १, आणि ७५ किंवा त्याहून जास्त असेल तर २. आधी पक्षाघात होऊन गेला असेल तर २. जुन्या पद्धतीत महिलांना १ गुण जास्त दिला जात असे. युरोपच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो वगळला आहे. त्या सूचनांनुसार बेरीज २ किंवा जास्त असेल तर रक्त गोठू न देणारी गोळी सुचवली जाते आणि १ असेल तर तिचा विचार केला जातो.

या गोळ्यांना बोलीभाषेत 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या' म्हणतात. प्रत्यक्षात रक्त पातळ होत नाही, त्याची गोठण्याची प्रक्रिया मंदावते. त्यांचे दोन गट आहेत.

जुना गट: वॉरफेरिन आणि ॲसिनोकुमेरॉल. भारतात ॲसिनोकुमेरॉल 'ॲसिट्रॉम' या नावाने बऱ्याच जणांना माहीत आहे. अमेरिकेत बुरशी लागलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरू लागली, त्याचा शोध घेताना या औषधांचं मूळ सापडलं. वॉरफेरिन १९४८ साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं आणि १९५४ साली माणसांसाठी मंजूर झालं. योग्य मात्रेत ते पक्षाघाताचा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी करतं. मात्र त्याची मात्रा ठरवण्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये तो आकडा साधारणपणे २ ते ३ च्या दरम्यान हवा.

नवा गट: डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सॅबान, ॲपिक्सॅबान, एडॉक्सॅबान. यात वारंवार आयएनआर लागत नाही, जेवणाची बंधनं कमी असतात आणि मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही वॉरफेरिनपेक्षा कमी असतो. मात्र किडनीचं काम अधूनमधून तपासावं लागतं. भारतात यातली काही औषधं जेनेरिक स्वरूपात मिळू लागल्याने त्यांच्या किमती खाली आल्या आहेत.

मात्र संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेल्या रुग्णांसाठी जुना गटच चांगला ठरतो. भारतासह अनेक देशांतल्या साडेचार हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या 'इन्व्हिक्टस' चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले. त्यात रिव्हारोक्सॅबानपेक्षा जुन्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये मृत्यू कमी झाले आणि रक्तस्रावही जास्त झाला नाही. धातूची कृत्रिम झडप बसवलेल्यांनाही जुनीच गोळी दिली जाते. शेजाऱ्यांना नवी गोळी मिळाली म्हणून आपलीही बदलून घ्यावी, असं करता येत नाही ते यामुळे.

ॲस्पिरिन हा पर्याय नाही. 'रोज एक ॲस्पिरिन घेतो, तेवढं पुरे' हा गैरसमज बराच आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ॲपिक्सॅबान घेणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचं प्रमाण ॲस्पिरिन घेणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी होतं, आणि मोठ्या रक्तस्रावात फारसा फरक नव्हता.

गोळी सुरू असताना काय सांभाळायचं?

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बरं वाटलं म्हणून गोळी थांबवणं. ही गोळी बरं वाटण्यासाठी नसतेच. ती न दिसणारा धोका टाळण्यासाठी असते. नव्या गटातल्या गोळीचा परिणाम दिवसभरात ओसरतो, त्यामुळे दोन-तीन दिवसांचा खंडही महागात पडू शकतो. गावी जाताना किंवा लग्नकार्याला जाताना गोळ्या पुरेशा बरोबर घ्याव्यात.

- हिरव्या भाज्या: जुन्या गटातल्या गोळ्यांवर 'के' जीवनसत्त्वाचा उलटा परिणाम होतो. पालक, मेथी, कोबी बंद करायची गरज नाही. प्रमाण सारखं ठेवावं. हिवाळ्यात मेथी स्वस्त झाली म्हणून रोज खायची आणि एरवी महिनोनमहिने बंद, असं केल्यास आयएनआर वर-खाली होतो.
- दुखण्याच्या गोळ्या: गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून थेट आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.
- इतर औषधं: काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधं जुन्या गोळ्यांचा परिणाम एकदम वाढवतात. काढे, चूर्ण, जडीबुटी चालू असेल तर तेही सांगावं.
- इंजेक्शन आणि दात: दवाखान्यात कमरेवर किंवा दंडात इंजेक्शन घेण्याआधी, दात काढण्याआधी आणि ऑपरेशनआधी गोळीची माहिती द्यावी. गोळी किती दिवस थांबवायची किंवा थांबवायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.
- खुणा: काळी शौच, लाल लघवी, न थांबणारा घोळणा, अंगावर विनाकारण निळे डाग किंवा डोक्याला मार लागणं, यापैकी काही झालं तर लगेच दाखवावं.

गोळीचं नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवणं सोपं आणि उपयोगाचं.

लय सुधारण्यासाठी काय करतात?

यात दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे लय अनियमित राहू द्यायची, पण ठोक्यांचा वेग आटोक्यात ठेवायचा. त्यासाठी मेटोप्रोलॉल, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन यांसारखी औषधं देतात.

दुसरा मार्ग म्हणजे लय पूर्ववत करणं. हे औषधांनी किंवा थोडा वेळ गुंगी देऊन शॉकने करता येतं. धडधड कधी सुरू झाली हे नक्की माहीत नसेल तर शॉकआधी किमान तीन आठवडे रक्त न गोठण्याची गोळी देतात किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नाही याची खात्री करतात. नाहीतर लय परत येताच गुठळी सुटू शकते. ॲमिओडॅरोन हे औषध प्रभावी आहे, पण त्याचा थायरॉइड, फुप्फुसं आणि यकृतावर परिणाम होऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने तपासण्या लागतात.

फ्रान्समधल्या बोर्दो इथल्या डॉक्टरांनी १९९८ साली दाखवून दिलं की बिघाडाची ठिणगी अनेकदा फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाशी पडते. त्यावर अब्लेशन हा उपचार उभा राहिला. मांडीच्या शिरेतून बारीक नळी नेऊन त्या मुखांभोवतीची ऊती उष्णतेने किंवा गोठवून निकामी केली जाते. यात धोका कमी असला तरी शून्य नाही आणि काहींना ते पुन्हा करावं लागतं. निदान झाल्यावर वर्षभराच्या आत लय सुधारण्याचे प्रयत्न केले तर पक्षाघात आणि हृदयाशी संबंधित मृत्यू कमी होतात, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या चाचणीत दिसलं. म्हणून 'बघू पुढे' म्हणत वर्षं घालवू नयेत. आणि अब्लेशन यशस्वी झालं तरी धोक्याचे गुण जास्त असतील तर गोळी चालू राहू शकते.

रोजच्या जगण्यात काय बदलायचं?

रक्तदाब आटोक्यात ठेवणं सगळ्यात महत्त्वाचं. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ मोजूनमापून हवं. वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने झटके कमी होतात. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड इथे झालेल्या अभ्यासात १० टक्के किंवा त्याहून जास्त वजन कमी करून ते टिकवणाऱ्यांमध्ये त्रास स्पष्टपणे घटला. दारू सोडल्यानेही फरक पडतो. तंबाखू आणि मिश्री टाळावी. घोरण्यात श्वास अडकत असेल तर झोपेची तपासणी करून घ्यावी.

चहा-कॉफी सरसकट बंद करायची गरज नसते. ज्यांना त्याने धडधड वाढल्याचं जाणवतं त्यांनी ती कमी करावी. कडक उपवास, जुलाब-उलट्या आणि उन्हात घाम गाळणं यांनी शरीरातलं पाणी आणि पोटॅशियम घटून लय बिघडू शकते. चालणं, सायकल, योगासनं असा मध्यम व्यायाम बहुतेकांना चालतो. प्रमाण मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावं.

भीती हाही या आजाराचा एक भाग आहे. धडधड झाली की भीती वाटते आणि भीतीने धडधड वाढते. दर पाच मिनिटांनी घड्याळात ठोके बघण्याने ती कमी होत नाही. कोणत्या लक्षणाला घरी थांबायचं आणि कोणत्या लक्षणाला निघायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घेतलं आणि घरच्यांनाही सांगून ठेवलं तर बराचसा भार उतरतो.

तातडीने दवाखाना कधी गाठायचा?

धडधडीसोबत छातीत दुखणं, खूप दम लागणं, दरदरून घाम येणं किंवा शुद्ध हरपणं असेल तर वाट बघू नये. व्यायाम करताना चक्कर येऊन पडणं आणि घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणं, याही धोक्याच्या खुणा आहेत.

चेहरा एका बाजूला वाकडा होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक दिसेनासं होणं किंवा तोल जाणं ही पक्षाघाताची लक्षणं आहेत. ती पाच-दहा मिनिटांत गेली तरी दवाखाना गाठावाच. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून लक्षणं सुरू झाल्याची वेळ लक्षात ठेवावी. रुग्णाला तोंडावाटे पाणी किंवा ॲस्पिरिन देऊ नये. मेंदूत रक्तस्राव झालेला असेल तर ॲस्पिरिनने नुकसान वाढतं. सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठावं आणि रक्त न गोठण्याची गोळी सुरू असेल तर पोहोचताच सांगावं.

माणूस कोसळला, प्रतिसाद देत नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर १०८ किंवा ११२ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला सुरुवात करावी. वेग मिनिटाला १०० ते १२० आणि खोली किमान ५ सेंटिमीटर. मदत येईपर्यंत थांबू नये.

बाकी वेळी घाबरून जाण्याची गरज नाही. नाडी बेताल वाटली तर ईसीजी काढावा. एट्रियल फिब्रिलेशन निघालं तर डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारावा: 'मला गुठळीचा धोका किती आहे आणि गोळीची गरज आहे का?' उत्तर 'हो' असेल तर ती गोळी रोज, वेळेवर आणि डॉक्टर सांगेपर्यंत घ्यावी.